खेळातले स्टिअरिंग आणि शाळेचे संगणक



आमच्या संगणक कक्षात मुलांनी मोटारीच्या खेळाचे स्टिअरिंग जोडले आहे, ही बातमी बऱ्याच घरी पोचली आहे. "आता शाळेतही गेम का?" असे काही पालकांनी येऊन विचारले. प्रश्न रास्त आहे. विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीतही तो निघेल, म्हणून आमचे मत येथे मांडत आहोत.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद झाला. आमचे जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, म्हणून ते भंगारात द्यावेत अशी सूचना आली. त्यांपैकी दोन संगणकांवर मोठ्या वर्गांतील मुलांनी लिनक्स बसवले आणि एका माजी विद्यार्थ्याने दिलेले जुने लॉजिटेक जी२७ स्टिअरिंग त्याला जोडले.

या स्टिअरिंगमध्ये दोन मोटरी असतात. गाडी वळली की चाकांवर किती जोर येईल याचा हिशेब खेळ करतो. ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम तो आकडा मोटरींना कळवतो आणि स्टिअरिंग हाताला उलट ओढते. यालाच फोर्स फीडबॅक म्हणतात. जी२७ चा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहे, तरी काम एका झटक्यात झाले नाही. मोटरींना विजेचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. नुसत्या यूएसबीवर त्या फिरत नाहीत. स्टिअरिंग ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे फिरते; ही मर्यादा 'ओव्हरस्टिअर' या मोफत प्रोग्रामातून ठरवता येते. पुढे खेळात गाडी वळू लागली, पण हाताला जोर लागेना. संगणकाला स्टिअरिंगकडून वाचण्याची परवानगी होती, त्याला आज्ञा लिहिण्याची नव्हती. ती परवानगी दिल्यावर 'एफएफटेस्ट'ने मोटर तपासली, आणि स्टिअरिंग हलले.

पालकांनी विचार करावा. तयार खेळ चालू करून बसणाऱ्या मुलाला यातले काय कळले असते? वाचणे वेगळे, लिहिणे वेगळे, हे तत्त्व फळ्यावर आम्ही कितीदा शिकवले, पण ते मुलांच्या हातात उतरले ते या स्टिअरिंगमुळे. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. इंग्रजी मेनू पाहून बिचकणारी मुले आम्ही ओळखतो. लिनक्सचा पडदा मराठीत वा हिंदीतही लावता येतो, ही सोयही लहान नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फसवणूक रोखणारी व्यवस्था असलेले काही ऑनलाइन खेळ लिनक्सवर चालत नाहीत. प्रत्येक स्टिअरिंगही तेथे सहज चालत नाही. थ्रस्टमास्टर टी३०० साठी ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. मोझासारख्या नव्या स्टिअरिंगांना मे २०२५ मधील लिनक्स ६.१५ पासून गाभ्यातच आधार मिळाला. म्हणून घरी खरेदी करणाऱ्यांनी आधी चौकशी करावी, मग पैसे मोजावेत.

आमची खरी काळजी रस्त्याची आहे. पडद्यावर गाडी पळवली म्हणजे बडा गणपती चौकातून राजवाड्यापर्यंत गाडी नेता येते, असे कोणी समजू नये. मोटार चालवण्याचे वय १८ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकालाही २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वेगाचे खरे काम पाहायचे असेल तर पिथमपूरचे नॅट्रॅक्स आपल्या जवळच आहे. तेथे २०२१ मध्ये सुरू झालेल्या ११.३ किलोमीटरच्या ट्रॅकवर गाड्या तपासल्या जातात. अशा ठिकाणी काम करणारे अभियंते आपल्याच मुलांतून का होऊ नयेत?

म्हणून विश्वस्तांना आमची विनंती आहे की, जुने संगणक भंगारात देऊ नयेत. मुलांनी शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास, शिक्षकांसमोर हे काम करावे. जो जोडणी करील त्याने काय अडले आणि कसे सुटले ते वहीत लिहावे. वही दाखवल्याशिवाय खेळ नाही. आणि मुलांनो, विनापरवाना गाडी चालवताना जो आढळेल, त्याला या स्टिअरिंगला हात लावता येणार नाही.

पालकांनी आपले मत लेखी कळवावे. बैठकीत आम्ही ते वाचून दाखवू.