आधी नियम, मग रॅकेट

बालमित्रांनो, आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

मधल्या सुट्टीत आपल्या मैदानावर हल्ली बॅडमिंटन जोरात चालते. रॅकेटी दोन आणि खेळणारे वीस. मग काय होते? ज्याची रॅकेट त्याचा डाव. फूल बाहेर पडले तरी "आतच होतं!" म्हणून ओरडायचे. ज्याचा आवाज मोठा त्याला गुण. लहान मुले आणि आम्ही मुली फक्त फूल उचलून द्यायला! माझे स्पष्ट मत आहे की, याला खेळ म्हणू नये. हा तर रडीचा डाव झाला.

कोणी म्हणतात, "तो शहरातल्या हॉलमधला खेळ. पैठणला त्याचे नियम कशाला?" हे मला पटत नाही. या खेळाचे एक जुने नाव 'पूना' होते. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी तो खेळत. इंग्लंडात बॅडमिंटन हाऊस नावाचा मोठा वाडा आहे, त्यावरून आजचे नाव पडले. आपल्या सांगलीचे नंदू नाटेकर यांनी 1956 साली मलायात स्पर्धा जिंकली. परदेशात अशी स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. मग हा खेळ परका कसा?

आता नियम पाहू. ते मुळीच अवघड नाहीत. मैदान 44 फूट लांब आणि 20 फूट रुंद. एकेकट्याने खेळायचे तर रुंदी 17 फूट. जाळी मध्यभागी 5 फूट उंच. जाळी नसेल तर दोरी बांधावी आणि कबड्डीसारखी फक्की मारून रेषा आखाव्यात. फूल रेषेवर पडले तर ते आत. हा एवढा एक नियम पाळला तरी निम्मी भांडणे मिटतील.

सर्व्हिस समोर नाही, तिरपी करायची. आपला गुण सम असेल तर उजवीकडून, विषम असेल तर डावीकडून. शून्य सम धरतात. पाहा, गणिताचा तास इथेही कामाला येतो! सर्व्हिस करताना दोन्ही पाय जमिनीला टेकलेले हवेत आणि रेषेवर नकोत. 2018 पासून मोठ्या स्पर्धांत फूल जमिनीपासून 1.15 मीटरच्या खालीच मारावे लागते. आपण मुले बुटकी. एवढी उंची आपल्या खांद्याशी येते. म्हणून आपण जुना कंबरेखालचा नियम पाळावा, असे मला वाटते. सर्व्हिसचे फूल जाळीला घासून बरोबर चौकोनात पडले तर ते चालते. मात्र खेळ चालू असताना रॅकेट किंवा अंग जाळीला लागले की गुण समोरच्याला.

पालकांपैकी कोणी लहानपणी हा खेळ शिकले असतील तर त्यांना 15 गुणांचा डाव आठवत असेल. तेव्हा सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळे. 2006 साली 21 गुणांची पद्धत आली. तिच्यात सर्व्हिस कोणाचीही असो, जो फेरी जिंकेल त्याला गुण. 20-20 झाले तर दोन गुणांनी पुढे जावे लागते. तसे होता होता 29-29 झाले तर तिसावा गुण घेणारा जिंकतो. तीनपैकी दोन डाव जिंकले की सामना जिंकला.

नाथसागराकडून वारा सुटला की आपले फूल कुठल्या कुठे जाते. वाऱ्याच्या बाजूचा खूश आणि समोरचा रडकुंडीला! यावरही नियमात उपाय आहे. प्रत्येक डावानंतर बाजू बदलायची, आणि तिसऱ्या डावात 11 गुण झाले की पुन्हा बदलायची. म्हणजे वारा दोघांच्या वाट्याला सारखा. नियम कोणाला अडवायला नसतात, सगळ्यांना सारखे करायला असतात, ते हे असे.

आपल्याकडे पंच नाही, ही अडचण खरी. पण ज्याच्या बाजूला फूल पडले, त्यानेच खरे सांगावे. कोणालाच नीट दिसले नाही तर तो गुण पुन्हा खेळावा. आपल्याच तोंडाने "आत होतं, गुण तुझा" म्हणणे जड जाते. पण एकदा तसे म्हणणाऱ्यावर पुढे सगळे विश्वास ठेवतात. ओरडून मिळवलेला गुण मात्र सुट्टीची घंटा होईपर्यंतही टिकत नाही.

माझी एक सूचना आहे. मधली सुट्टी छोटी असते, म्हणून डाव 11 गुणांचा ठेवावा. डाव संपला की जिंकलेला आणि हरलेला, दोघांनीही रॅकेट पुढच्याच्या हातात द्यावी. रांग लावावी. रांगेत पहिलीतला असो की सातवीतला, मुलगा असो की मुलगी, ज्याचा नंबर त्याचा डाव. रॅकेट घरून आणणाऱ्याचे आभार मानू, पण मैदान सगळ्यांचे आहे.

पालकांनो, एक विनंती. मूल खेळून घरी आले की "जिंकलास का?" एवढेच विचारू नका. "सगळ्यांना खेळायला मिळालं का?" हेही विचारा. घरी असे विचारले गेले, तर मैदानावर फूल उचलायला वेगळी मुले ठेवावी लागणार नाहीत. ज्याच्याकडून पडेल, तोच उचलेल.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी