मैदानातला अंमल आणि त्याचा जाब

२९ मे २०१८ रोजी अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या मैदानावर जॉर्डन मॅकनेअर नावाचा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी, अमेरिकन फुटबॉलच्या संघातील आपल्या सोबत्यांबरोबर, एकशेदहा यार्डांच्या दहा धावांची तालीम पुरी करीत होता. शेवटच्या धावांत त्याच्या पायांतले बळ सरले आणि सोबत्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून पुढे नेले. परंतु ज्यांच्या हवाली त्याचे शरीर केलेले होते त्यांनी त्याच्या अंगातील ताप मोजला नाही, की उष्माघातावर जो पहिला आणि खात्रीचा उपाय मानला जातो तो, म्हणजे रोग्याला तत्काळ बर्फाच्या पाण्यात बुडविण्याचा उपाय, केला नाही. लक्षणे दिसू लागल्यापासून रुग्णवाहिका त्याला घेऊन निघेपर्यंत दीड तासाहून अधिक काळ गेला. १३ जूनला तो मरण पावला.

ऑगस्टमध्ये वृत्तपत्रांतून त्या संघाच्या आतल्या हकिकती बाहेर आल्या: मुलांची जाहीर विटंबना, शिवीगाळ, आणि थकलेल्याला भेकड ठरविण्याची रीत. विद्यापीठाचे अध्यक्ष वॉलेस लो यांनी मॅकनेअरच्या उपचारातील चुकांची कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी उघडपणे पत्करली, आणि संघाच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या मंडळाने असा अभिप्राय दिला की, बोलण्याची धास्ती वाटणारे खेळाडू फार असल्यामुळे तेथील दोष आतल्या आत चिघळत राहिले. इतके दप्तरात दाखल झाल्यावरही ३० ऑक्टोबरला विद्यापीठाच्या नियामक मंडळाने मुख्य प्रशिक्षक डी. जे. डर्किन यांना पदावर कायम ठेवण्याची शिफारस केली! लोकक्षोभ उसळला तेव्हा दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी त्यांना बडतर्फ केले आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. जो निवाडा विवेकाने पाच महिन्यांत झाला नाही, तो लोकापवादाच्या भयाने एका रात्रीत झाला.

या क्रमातच मला सारे दुखणे दिसते. क्रूर प्रशिक्षक सर्वत्र आणि सर्वकाळ निपजतात. परंतु त्यांच्या डोक्यावर बसलेले अधिकारी सर्व जाणून असतात आणि विजयाच्या लोभाने स्वस्थ राहतात, तोवर एखाद्या प्रशिक्षकाला काढल्याने काही साधत नाही. इंडियाना विद्यापीठाचा इतिहास याची साक्ष देतो. बास्केटबॉलचे प्रशिक्षक बॉब नाइट यांनी १९७६, १९८१ आणि १९८७ अशी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे त्या विद्यापीठाला मिळवून दिली. त्यांचे खेळाडू अभ्यासात मागे पडत नसत, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. १९८५ मध्ये भर सामन्यात त्यांनी मैदानावर खुर्ची भिरकावली, तेव्हा विद्यापीठाने ते कौतुकाने नव्हे तरी सहनशीलतेने पाहिले. पुढे नील रीड या माजी खेळाडूने, १९९७ च्या सरावात नाइट यांनी आपला गळा धरला होता, असे सांगितले, तेव्हा पुष्कळांनी त्यालाच खोटे ठरविले. आणि एप्रिल २००० मध्ये त्या सरावाची चित्रफीत दूरचित्रवाणीवर दिसली तेव्हा सर्वांनी पाहिले की हात खरोखरच गळ्यावर आहे. तेव्हाही तीन सामन्यांची बंदी, दंड आणि ताकीद एवढ्यावरच भागविण्यात आले, आणि सप्टेंबरात ती ताकीद मोडल्यावर त्यांना बडतर्फ केले, तेव्हा हजारो विद्यार्थी अध्यक्षांच्या निवासस्थानावर चालून गेले. खोटे ठरविलेल्या मुलाची क्षमा मागण्यासाठी कुणी मोर्चा काढला नाही.

रटगर्स विद्यापीठात तेच घडले. खेळाडूंच्या अंगावर चेंडू फेकणाऱ्या आणि त्यांना ढकलणाऱ्या प्रशिक्षकाच्या चित्रफिती २०१२ च्या अखेरीस अधिकाऱ्यांच्या हाती होत्या. त्या एप्रिल २०१३ मध्ये लोकांनी पाहिल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्याला काढून टाकले.

कुणी म्हणेल की शिस्तीवाचून खेळाडू घडत नाही. हे मी मान्य करतो. आपल्या तालमीतील वस्तादाच्या धाकाविषयी कुणाला काही सांगावयास नको. पहाटे उठवून अंगातून घाम निथळेपर्यंत जोर-बैठका काढून घेणारा वस्ताद आम्हांला परका नाही, आणि तेथे अतिरेक घडलाच नाही असेही मी म्हणणार नाही. परंतु ज्या वस्तादाने पहिलवान तयार केला त्याने त्याच्या खुराकाची आणि दुखऱ्या सांध्याची काळजी स्वतः वाहिली. कठोरता शिष्याच्या शक्तीचे माप घेऊन चालते, आणि ते माप सोडून मुलाला केवळ नमवावयाचे असते तेथे शिक्षण संपून सत्तेचा अंमल सुरू झालेला असतो.

अमेरिकेत या अंमलाला एक व्यवहारी बळ आहे. क्रीडा-शिष्यवृत्ती १९७३ पासून पुष्कळ वर्षे एकेका वर्षाच्या कराराने दिली जाई, आणि तिचे नूतनीकरण बहुतांशी प्रशिक्षकाच्या मर्जीवर अवलंबून असे; दुसरीकडे जावे म्हटले, तर अनेक खेळांत वर्षभर बाकावर बसावे लागे. ज्याच्या शिक्षणाचा खर्च प्रशिक्षकाच्या शब्दावर चालतो, तो त्याच्याविरुद्ध फिर्याद काय म्हणून करील? बहुवर्षीय शिष्यवृत्तीची मुभा २०१२ पासून पुन्हा मिळाली आणि स्थलांतराची अट २०२१ मध्ये सैल झाली, हे खरे सुधारणेचे पाऊल आहे. मॅकनेअरच्या नावाने मेरीलँड राज्याने त्याच वर्षी केलेला कायदाही तसाच.

तरीही दोन गोष्टींचा निर्णय प्रत्येक विद्यापीठाच्या मंडळाने लेखी करून टाकावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. खेळाडूची तक्रार क्रीडा विभागाबाहेरच्या, संघाच्या जयापजयाशी काहीही देणे-घेणे नसलेल्या अधिकाऱ्याने ऐकावी. आणि सराव थांबवा, असे संघाच्या वैद्याने म्हटले की तो शब्द अखेरचा असावा, मग मुख्य प्रशिक्षकाचा पगार अध्यक्षांहून मोठा असला तरीही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मुलेही आता या संघांत प्रवेश घेतील. त्यांच्या आईवडिलांनी मुलाचे नाव नोंदविण्याआधी या दोन गोष्टींविषयी विद्यापीठाला विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.