हुरडा खाऊन फक्त फोटो नेणाऱ्यांसाठी

थंडी पडली की आमच्या मोहोळकडच्या रानांत शहरातल्या गाड्या दिसू लागतात. आगटीत भाजलेली कणसं, शेंगाचटणी, गूळ, बैलगाडीतून एक फेरी आणि उभ्या ज्वारीत फोटो. संध्याकाळी पाहुणे परत जातात आणि लिहितात, 'गावाकडचं आयुष्य किती सुंदर!'

काहींना हुरड्याचं तिकीट खुपतं. पूर्वी वाटसरूलाही हाक मारून खाऊ घालायचे, आता शेतकरी पैसे मागतो, असं ते म्हणतात. मला हा आक्षेप मान्य नाही. ती हाक गावाच्या देण्याघेण्यातली होती. आज हुरडा खाणारा उद्या खळ्यावर राबायला यायचा. त्याच खळ्यावर बलुतेदारांचा वाटा निघायचा, त्यात मुलाण्याचाही असायचा. दोन तासांसाठी आलेल्याने त्या पाहुणचारावर हक्क सांगू नये.

माझी तक्रार वेगळी आहे. राज्याने २०२० साली कृषी पर्यटन धोरण आणलं, २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. पण ज्वारीच्या रानात ऊस का शिरतोय, हे फोटो काढणारा विचारत नाही. एम ३५-१ हा नावाजलेला मालदांडी वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रावर निवडला गेला. काळ्या जमिनीतल्या ओलीवर येणारं हे पीक. पण काढणी म्हणजे ताटं हाताने उपटा, पेंढ्या बांधा, कणसं मोडा. त्यात बायकांची कंबर मोडते. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर आलेला भाव मजुरीत जातो. मग पाणी असलेला शेतकरी ऊस लावतो. त्याला कोणत्या तोंडाने दोष द्यायचा?

उश्रचा नियम आपल्याला माहीत आहे. पावसावरच्या पिकाचा दहावा हिस्सा, पाणी देऊन पिकवलेल्याचा विसावा. शरीयतने शेतकऱ्याचा खर्च आणि कष्ट हिशेबात धरले. आपण खाणारे मात्र बाजारात ज्वारीचा भाव दोन रुपयांनी वाढला की महागाई म्हणून ओरडतो.

म्हणून हुरडा जरूर खा, घासाघीस न करता पैसे द्या. पण निघताना त्याच शेतकऱ्याशी वर्षाच्या ज्वारीचं बोला. काढणी झाली की त्याला परवडेल त्या भावाने पोतं घरी न्या. नाहीतर उद्या पाहुण्यांना दाखवायला हुरड्याचे चार गुंठे उरतील आणि भाकरीची ज्वारी दिसणार नाही.