वर्तमानपत्रातले गाणे

इ. स. १८७४. अमेरिकन धर्मोपदेशक ड्वाइट मूडी व त्यांचे गायक सहकारी आयरा सँकी ग्लासगोहून आगगाडीने एडिंबरोला निघाले होते. वर्तमानपत्र चाळताना सँकींना हरवलेल्या मेंढरावरची एक कविता दिसली. त्यांनी ती कापून ठेवली.

एडिंबरोच्या सभेत मूडी मेंढपाळावरच बोलले आणि त्यांनी सँकींना समारोपाचे गाणे म्हणायला सांगितले. कविता खिशात होती, पण चाल कुठे होती? सँकींनी कात्रण पायपेटीवर ठेवले आणि गाता गाताच चाल बांधली. सभा गहिवरली!

पुढे सँकींच्या गीतसंग्रहांच्या उत्पन्नातून मूडींच्या नॉर्थफील्डमधील शाळांना मदत मिळाली. कवयित्री एलिझाबेथ क्लेफन मात्र आपले गाणे ऐकायला हयात नव्हत्या. त्या १८६९ मध्येच वारल्या होत्या.