घरच्या बोलीची लाज कशाला?



गेल्या सत्रातल्या वक्तृत्व स्पर्धेत सातवीची एक मुलगी म्हणाली, "आजी दारात उभी राहून माझा रस्ता पाहत होती." आम्ही परीक्षक हसलो आणि गुण कापले. 'वाट पाहत होती' असे हवे, हे तिला सांगितले. ती म्हणाली, "पण वाट म्हणजे रस्ताच ना?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यानंतर ती एकाही स्पर्धेत उभी राहिली नाही.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी मिळाली ती घरात, आजीच्या तोंडून. तरीही आम्ही हसलो, याचे फार वाईट वाटते.

शुद्ध इंग्रजी एकच, असा आपला समज असतो. पण इंग्लंडच्या यॉर्कशर भागात ओढ्याला 'बेक' आणि खेळण्याला 'लेइक' म्हणतात. हजारएक वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियातून येऊन वसलेल्या लोकांचे हे शब्द. तिथलाच एक शब्द 'थॉइल'. खिशात पैसे आहेत, पण खर्च करायला जीव होत नाही, हा त्याचा अर्थ. प्रमाण इंग्रजीत यासाठी एक शब्द नाही.

याच भागात 1855 मध्ये जोसेफ राइट जन्मले. सहाव्या वर्षी ते खाणीवर गाढवाची गाडी हाकत, मग गिरणीत लागले. वाचायला शिकले पंधराव्या वर्षी. पुढे ते ऑक्सफर्डला भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि 1898 ते 1905 या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश त्यांनी प्रसिद्ध केला. कोणता शब्द कोणत्या परगण्यात बोलतात, हेही त्यात नोंदवले. घरची बोली त्यांच्या आड आली नाही, उलट तीच त्यांची विद्या झाली.

प्रमाण मराठी आम्ही शिकवणारच. परीक्षेत, अर्जात, पुण्या-मुंबईच्या नोकरीत ती लागते. पण ती शिकवताना इंदूरच्या घरातल्या मराठीला हसण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेल्या भाषेला इथल्या मातीचा वास येणारच.

म्हणून या सत्रापासून प्रत्येक वर्गात एक वही ठेवत आहोत. मुलांनी घरचा शब्द, त्याचा अर्थ, तो कोण बोलते आणि कोणत्या वाक्यात, हे तीत लिहावे. आजी-आजोबांनी मदत करावी, ही विनंती. पहिला शब्द लिहायला त्या मुलीलाच सांगितले आहे. तिचे कापलेले गुणही आम्ही परत दिले आहेत.