ऑनलाईन दुकान हलवताय? आधी गिऱ्हाइकांची यादी वहीत उतरवून घ्या

जालना : आठवडी बाजारात एखादा मसालेवाला वर्षानुवर्षे एकाच झाडाखाली बसतो. एक दिवस तो उठून स्टँडच्या बाजूला गेला, तर गिऱ्हाईक त्याला शोधतं. शेजारचा भाजीवाला सांगतो, "तो आता तिकडं बसतो बघा." मोबाईलवरच्या दुकानाला असा शेजारी नसतो. जुनी लिंक उघडली नाही की गिऱ्हाईक दुसरीकडून माल घेतं. तुम्ही कुठं गेलात, हे त्याला कोणी सांगत नाही.

हे आज लिहायचं कारण असं की आपल्या भागात ऑनलाईन दुकानांची हलवाहलव सुरू आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अनेकांनी फुकटच्या ॲपवर दुकानं काढली. कुणी मोसंबी विकली, कुणी ज्वारी, कुणी बचत गटाचे पापड-लोणचं. आता कुठं फुकटचं ॲप पैसे मागतंय, कुठं दुसरी कंपनी "कमिशन शून्य" म्हणून बोलावतेय. त्यामुळं जो तो विचारतोय, इथंच राहावं का तिकडं जावं?

माझं म्हणणं एवढंच आहे. दुकान एका दिवसात हलतं. गिऱ्हाईक मात्र आपोआप मागं येत नाही. म्हणून कुठं जायचं हे ठरवायच्या आधी, आपल्याबरोबर काय नेता येईल ते बघा.

आमच्या घरी काय झालं

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, तेव्हा आमची मृग बहाराची मोसंबी झाडावर होती. व्यापारी येईना, मार्केटचा भरवसा नव्हता. पोरानं एका ॲपवर दुकान काढलं आणि लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली. संभाजीनगर आणि पुण्याच्या सोसायट्यांतून ऑर्डर आल्या. बाग उक्ती देण्यापेक्षा चार पैसे जास्त मिळाले आणि पुढच्या बहारालाही तीच माणसं परत आली.

मग त्या ॲपनं वर्षाची फी लावली. आम्ही म्हणलं, कशाला द्यायची, दुसरं ॲप आहे की. पोरानं दोन दिवसांत नवीन दुकान उभं केलं. फोटो टाकले, भाव टाकले. पण गिऱ्हाइकांचे नंबर आणि पत्ते जुन्या ॲपमध्येच राहिले. मुदत संपल्यावर लॉगिन केलं की आधी पैसे भरा, असं पान यायचं. पेट्यांवर छापलेला क्यूआर कोडही जुन्या दुकानाचाच होता.

दोन महिन्यांनी पुण्याच्या एका काकूंचा फोन आला, "दादा, धंदा बंद केला का?" त्यांच्याकडं आमचा नंबर होता म्हणून त्यांनी विचारलं. बाकीच्यांनी विचारलंही नाही. त्या वर्षी अर्धी बाग परत व्यापाऱ्याला उक्ती द्यावी लागली. फी वाचवली खरी, पण तिच्या कितीतरी पट नुकसान झालं. यात ॲपवाल्याची चूक कमी आणि आमची जास्त होती. नियम आम्ही वाचलेच नव्हते.

जागा दुसऱ्याची, निर्णयही त्याचाच

हे फक्त लहान ॲपवर होतं असं समजू नका. गुगल बिझनेस प्रोफाइलवर पूर्वी फुकटात छोटी वेबसाईट करता यायची. देशभरातल्या किती तरी लहान दुकानदारांनी ती केली होती. ५ मार्च २०२४ ला गुगलनं या सगळ्या साईट बंद केल्या. १० जून २०२४ पर्यंत जुनी लिंक दाबली की गुगलवरची दुकानाची माहिती उघडायची. त्यानंतर तेही थांबलं. ज्यानं तो पत्ता पावती पुस्तकावर आणि फलकावर छापला होता, त्याचा छपाईचा खर्च वाया गेला.

त्याआधी शॉपी नावाची सिंगापूरची कंपनी भारतात आली होती. २०२१ च्या अखेरीस तिनं विक्रेते गोळा करायला सुरुवात केली आणि २९ मार्च २०२२ ला भारतातलं काम बंदही केलं. तिथं विकणाऱ्यांना काही महिन्यांतच दुसरीकडं दुकान मांडावं लागलं.

या कंपन्यांनी कुणाला फसवलं, असं म्हणायचं नाही. जागा त्यांची, निर्णय त्यांचा. आपण तिथं भाडेकरू असतो. गाळा सोडताना आपण तराजू, पोती आणि उधारीची वही घेऊन निघतो. ऑनलाईन दुकानात ती वहीच गाळ्यात राहून जाते.

"कमिशन शून्य" म्हणजे खर्च शून्य नाही

आता या बोलावण्याकडं बघू. मीशोनं २०२१ पासून विक्रेत्याकडून कमिशन घेणं बंद केलं. ॲमेझॉननं ७ एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांच्या आतल्या सव्वा कोटीच्या आसपास वस्तूंवरची रेफरल फी काढली. पुढं फ्लिपकार्टनंही १,००० रुपयांच्या आतल्या मालाला कमिशन माफ केलं. लहान विक्रेत्यासाठी ही गोष्ट चांगलीच आहे.

पण कंपनी चालते कशावर? कुरिअरचं भाडं, जाहिरात आणि इतर फी यावर. समजा लोणच्याची बरणी २५० रुपयांची आहे. कमिशन शून्य धरलं तरी कुरिअर आहे, काचेची बरणी फुटू नये म्हणून पॅकिंग आहे. यादीत आपला माल वर दिसावा असं वाटलं तर जाहिरातीचे पैसे आहेत. गिऱ्हाइकानं बरणी परत केली तर जाण्यायेण्याचं भाडं कुणावर, हे आधीच वाचा. प्रत्येक ठिकाणी नियम वेगळे आहेत. दहा बरण्यांचा सगळा खर्च कागदावर मांडा, त्यात एक परत आली असं धरा आणि मग हातात काय राहतं ते बघा.

दुसरी गोष्ट. मोठ्या बाजारात गिऱ्हाईक कंपनीचं असतं. तुम्हाला पार्सलवरचं नाव-पत्ता दिसतो, पण त्याला थेट संपर्क करायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. तिथं मिळालेले स्टार आणि चांगले शेरे तिथंच राहतात. नव्या जागी तुम्ही पहिल्या दिवसाचे विक्रेते असता.

सरकारच्या पुढाकारातून ३१ डिसेंबर २०२१ ला ओएनडीसी ही कंपनी स्थापन झाली. तिचा विचार वेगळा आहे. विक्रेता एका ॲपवर माल नोंदवतो आणि तो माल त्या जाळ्यातल्या दुसऱ्या ॲपवरच्या गिऱ्हाइकालाही दिसतो. त्यामुळं एकाच कंपनीवर अवलंबून राहणं कमी होतं. पण तिथंही विक्रेत्याचं ॲप निवडावं लागतं आणि त्याची फी असू शकते. ती विचारूनच नाव नोंदवा.

कागदपत्रं आधी

पूर्वी मोठ्या ऑनलाईन बाजारात विकायचं तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून यात सूट आहे. मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि फक्त महाराष्ट्रातच विकायचं असेल, तर जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक घेता येतो आणि त्यावर विक्री करता येते. मात्र लोणचं-मसाल्यासारखा कर लागणारा माल हैदराबादला पाठवायचा असेल, तर नोंदणी घ्यावीच लागते. ताज्या फळांवर जीएसटी नाही. खायचा माल बनवून विकणाऱ्यांनी एफएसएसएआयचा क्रमांक काढून तो पाकिटावर छापायचा असतो. नव्या जागी जाताना हे कागद आधी मागतात, म्हणून ते तयार ठेवा.

हलवायच्या आधी एवढं करा

१. जुनं दुकान चालू असतानाच ऑर्डरची सगळी यादी उतरवून घ्या. डाउनलोडची सोय असेल तर एक्सेल फाईल काढा. नसेल तर नाव, गाव, नंबर, काय घेतलं, हे वहीत लिहा. गिऱ्हाइकांचे नंबर दुसऱ्या कुणाला देऊ नका.

२. मालाचे मूळ फोटो आणि माहिती आपल्या मोबाईलमध्ये ठेवा. ॲपमधला फोटो ॲपबरोबर जातो.

३. जमलं तर स्वतःच्या नावाचा वेबपत्ता घ्या. त्याला वर्षाला थोडेच पैसे लागतात. दुकान कुठंही हलवलं तरी तोच पत्ता नव्या दुकानाकडं वळवता येतो. पण तो कुणाच्या ईमेलवर नोंदवलाय ते बघा. बऱ्याचदा साईट करून देणाऱ्या पोराच्या ईमेलवर असतो. तो पोरगा नोकरीला बाहेरगावी गेला की पत्ता अडकतो.

४. जुनं आणि नवं दुकान किमान एक बहार, नाहीतर दोन महिने तरी सोबत चालवा. फी भरावी लागली तरी भरा. जुन्या पानावर नवा पत्ता ठळक लिहा. कंपनीच्या नियमात ते बसतं का, हे आधी बघा.

५. जुन्या ठिकाणचे अडकलेले पैसे खात्यात आल्याशिवाय खातं बंद करू नका. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे उशिरा येतात.

६. पेटीवर ॲपचा क्यूआर छापण्यापेक्षा आपला फोन नंबर मोठा छापा. गुगल मॅपवर दुकानाची नोंद असेल तर तिथली लिंकही बदला.

७. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो. म्हणून प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी टाका, "आमचा नंबर सेव्ह करा." ज्यांना मेसेज पोचत नाही त्यांना एक-एक फोन करा.

८. "कंपनीतून बोलतोय, खातं हलवून देतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर लगेच ठेवा.

शेवटी आपल्या मालाबद्दल. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जालन्याच्या दगडी ज्वारीलाही ते मिळालं आहे. हे नाव कुठल्याच ॲपचं नाही, जिल्ह्याचं आहे आणि दुकान कुठंही हलवलं तरी ते आपल्यासोबत येतं. पण ते वापरायलाही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. अंबड, घनसावंगी, बदनापूरकडच्या बागायतदारांनी गटानं एकत्र येऊन ती केली, तर एकेकट्याच्या लिंकपेक्षा जास्त दिवस टिकेल.

आम्ही यंदा परत थेट विक्री सुरू केली आहे. दुकान नव्या ॲपवर आहे, पण प्रत्येक ऑर्डर रात्री वहीत उतरवायचं काम बायकोनं स्वतःकडं घेतलंय. पहिलं नाव पुण्याच्या त्या काकूंचं लिहिलं.