रविवारच्या सहलीचे अर्थकारण

इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३० साली एका निबंधात असे भाकीत केले होते की, शंभर वर्षांनी माणसाला पोटासाठी आठवड्यातून पंधरा तासांचे काम पुरेल आणि उरलेल्या वेळेचे काय करावे, हाच त्याच्यापुढील खरा प्रश्न ठरेल. पंधरा तासांचा आठवडा अद्याप दृष्टिपथात नाही. तथापि महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी कारकुनाला शनिवार-रविवार मोकळे मिळू लागले. शाळा-महाविद्यालयांना ही सवलत मिळाली नाही. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या वाट्याला रविवारच राहिला. सुटी एका दिवसाची असो वा दोन दिवसांची, ती घालवावी कोठे, हा प्रश्न मात्र सर्वांना समान आहे. अनेक कुटुंबे त्याचे उत्तर साठेक किलोमीटरवरील नागपुरात शोधतात. जिल्ह्यात मिळविलेला पैसा अशा रीतीने नागपूरच्या दुकानांत आणि चित्रपटगृहांत जातो.

जिल्ह्यात पाहण्याजोगे काही नाही, ही समजूत त्यामागे आहे आणि ती खोटी आहे. नागझिरा आणि नवेगावबांध ही दोन नावाजलेली अरण्ये १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर त्या जिल्ह्यात गेली, हे खरे. परंतु २०१३ मध्ये घोषित झालेले कोका अभयारण्य भंडाऱ्याच्या उंबरठ्यावर आहे. वैनगंगेच्या काठी कोरंभीचे देवस्थान आहे. रावणवाडीचा जलाशय, तुमसरकडील चांदपूर, गायमुख आणि आंबागडचा किल्ला आहे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व विभाग यांनी केलेल्या उत्खननात दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप उजेडात आला. जिल्ह्यातील किती विद्यार्थ्यांनी तो पाहिला असेल?

विरंगुळ्याची कल्पना येथील माणसाला नवी नाही. धान कापून झाले की दिवाळीपाठोपाठ गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, दुकाने लागतात, दंडार होते आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत रंगते. शंकरपटाचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा बैलांची धाव तर थांबलीच, पण पटानिमित्त घरी येणारे पाहुणे, जुळणाऱ्या सोयरिकी, नाटक मंडळींच्या तारखा आणि चहा-चिवड्याच्या दुकानांची मिळकत यांनाही धक्का बसला. राज्याने केलेला सुधारित कायदा मे २०२३ मध्ये न्यायालयाने वैध ठरविला. प्राण्यांना इजा होऊ नये हा आग्रह रास्तच आहे. परंतु एका गावाची करमणूक म्हणजे दुसऱ्या कितीएकांची रोजी असते, हा धडा त्या वर्षांनी दिला.

तळ्यांची कथा याहून उद्बोधक आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी ओढ्या-नाल्यांच्या चढउतारांचा अचूक अंदाज घेऊन या भागात असंख्य तलाव आणि बोड्या बांधल्या. धानाला पाणी मिळावे हा त्यांचा हेतू. परंतु त्यातूनच ढिवरांना मासे, जनावरांना पाणी, हिवाळ्यात परदेशी पक्ष्यांना आसरा आणि गावाला संध्याकाळी बसण्यासाठी तलावाची पाळ मिळाली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, ते योग्यच झाले. परंतु तलावाची निगा राखण्याची जबाबदारी मालगुजाराकडून सुटली आणि नीट कोणाच्याच अंगावर पडली नाही. गाळ साचला, पाळी खचल्या, पाण्यावर वनस्पती माजल्या. ज्या पाळीवर फिरायला जावे ती उकिरड्याची जागा झाली, तर दोष फिरायला न जाणाऱ्याचा कसा म्हणावा?

शासनाच्या दृष्टीने मात्र पर्यटक म्हणजे बाहेरून येणारा माणूस. तो किती खर्च करील, यावर योजनेचे यश मोजले जाते. गोसीखुर्दच्या जलाशयात जलपर्यटनाची योजना हाती घेण्यात आली आहे. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या धरणाने अनेक गावे पाण्याखाली घेतली. नागपूरचे सांडपाणी नाग नदी, कन्हान आणि वैनगंगा या वाटेने याच जलाशयात उतरते. ज्यांनी घरे दिली त्यांना नौकेत बसण्याची ऐपत नसावी आणि ज्या पाण्यावर नौका चालायची ते काठच्या लोकांना प्यावेसे वाटू नये, ही विसंगती योजनेच्या कागदांत दिसत नाही. अभयारण्याच्या दारात तेच घडते. वाहन, मार्गदर्शक आणि प्रवेश यांचे शुल्क मिळून होणारी रक्कम शहरातील पाहुण्याला किरकोळ असेल. चार माणसांच्या कारकुनी संसाराला ती जड जाते. वन्य प्राण्यांसाठी गर्दीवर नियंत्रण हवे, हे निर्विवाद. परंतु नियंत्रण संख्येचे असावे, ऐपतीचे नव्हे. स्थानिक विद्यार्थ्यांसाठी काही जागा अल्प दरात राखून ठेवणे अशक्य नाही.

दरिद्री जिल्ह्याला सहलीचे चोचले कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. पण येथे मागणी चोचल्यांची नाही. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे भाडे आहे. मात्र ग्रामीण फेऱ्या शाळा आणि बाजार यांच्या वेळा धरून आखलेल्या असतात. रविवारी सकाळी निघून संध्याकाळी परतणारी एक गाडी पवनीला, एक कोक्याच्या वाटेने, एक गायमुखाकडे सोडली, तर भाड्याच्या सवलतीला अर्थ येईल. जोडीला पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छ प्रसाधनगृह आणि सावलीत चार बाके हवीत. पवनीचा इतिहास सांगण्यास तेथीलच महाविद्यालयीन विद्यार्थी तयार करता येतील. तलावाचा गाळ काढला तर धानाला पाणी वाढेल, मासळी वाढेल आणि पाळही चालण्याजोगी होईल. एका खर्चातून इतके लाभ देणारी कामे अर्थशास्त्रात फार थोडी असतात.

जे आपण पाहिले नाही त्याच्या रक्षणासाठी कोणी उभे राहत नाही. तलाव बुजविले जातात, टेकड्या खोदल्या जातात, तेव्हा ओरड होत नाही, कारण त्या जागांशी कोणाची आठवण जोडलेली नसते. ही आठवण पुढल्या पिढीला द्यायची असेल, तर तिला रविवारी नागपूरकडे नेण्याआधी एकदा तरी पवनीच्या टेकडीवर आणि आपल्याच गावच्या पाळीवर नेले पाहिजे. आणि तेथवर नेणारी गाडी सोडण्याचे कर्तव्य शासनाचे आहे.